आपल्याला काही विचारायचे आहे?

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमच्या वन्संची ओळख आहेच. मागच्या दिवाळीत त्यांच्या चकलीच्या सोऱ्यावर मी चार शब्द लिहिले, तेव्हा त्या दोन महिने माझ्याशी फक्त फोनवर बोलत होत्या, आणि तेही ह्यांच्या फोनवर. तरी यंदाचा विषय पुन्हा त्यांच्याच घरातून यावा याला माझा नाइलाज आहे.

झाले असे, की गौरीजेवणाच्या दिवशी पंगत उठली, पुरणाने जड झालेली मंडळी जाजमावर लवंडली, आणि वन्संच्या धाकटीने मोबाइल पुढे करून जाहीर केले की तिला एक सोडून दोन कंपन्यांची पत्रे आली आहेत. पोरगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. एक कंपनी हिंजवडीची, हजारो माणसांची, नाव घेतले की शेजारीसुद्धा मान डोलावतील अशी. दुसरी बाणेरला, कुठल्याशा इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, उणीपुरी चाळीस माणसांची. तिचे नाव उच्चारताना वन्सं दोनदा अडखळल्या.

मग काय विचारता! लवंडलेली मंडळी उठून बसली. पगार किती, हातात किती, बस घरावरून जाते का, शनिवार सुट्टीचा का, लग्नानंतर बदली मिळते का, अशी सरबत्ती सुरू झाली. आमचे मामंजी टपाल खात्यातून निवृत्त झालेले. पेन्शन नसलेल्या कोणत्याही व्यवहाराला ते नोकरी मानतच नाहीत. पोरीने सगळ्यांची उत्तरे नीट दिली आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली, "मामी, हे सगळं ठीक आहे गं. पण मी तिथे रुळेन की नाही, हे आधी कसं कळायचं?"

एकदम सगळे गप्प झाले. हा प्रश्न आमच्या घरात यापूर्वी कोणी विचारलाच नव्हता. मामंजींनी सुपारी कातरता कातरता एवढेच म्हटले, "रुळायचं काय त्यात? मी चौतीस वर्षं एका खुर्चीवर बसलो. पहिली तीन वर्षं खुर्ची टोचली. मग नाही टोचली."

मामंजींचे म्हणणे मराठी भाषेला धरून आहे, हे मला मान्य केलेच पाहिजे. आपल्याकडे नोकरी 'लागते'. भूक लागते, ठेच लागते, दृष्ट लागते, लॉटरी लागते, तशी नोकरी लागते. लागणाऱ्या गोष्टीत आपली निवड कसली आलीय? ठेच लागण्यापूर्वी दगड आपल्याला मानवेल की नाही, याची चौकशी कोण करतो? जिला नोकरी 'लागली' ती पेढे वाटते आणि मुकाट्याने जाते.

आणि गंमत अशी, की 'नोकर' हा शब्द जिथून आला तिथे त्याचा अर्थ अगदी उलटा होता. फारसीतून तो आपल्याकडे आला, आणि फारसीत तो मंगोल भाषेतून. मंगोलांचा 'नोकोर' म्हणजे ताबेदार नव्हे, तर सोबती. स्वतःचे कूळ सोडून, आपल्या खुशीने एखाद्या सरदाराची साथ पत्करलेला गडी. पुढे चंगीझखान म्हणून गाजलेल्या तेमुजिनाचे पोरवयात आठ घोडे चोरीला गेले. त्यांच्या मागावर असताना त्याला घोड्यांचे दूध काढीत असलेला बोओर्चू नावाचा पोरगा भेटला. मंगोलांच्या 'गुप्त इतिहासा'त ही हकिगत आहे. बोओर्चूने हातातले भांडे गवतात टाकले, बापाला सांगायलाही घरी गेला नाही, आणि सरळ तेमुजिनाबरोबर निघाला. घोडे मिळाल्यावर त्यातला वाटा देऊ केला तर तोही घेतला नाही. तो चंगीझखानाचा पहिला नोकोर. धनी त्याने स्वतः निवडला होता. हे मी मामंजींना सांगितले. ते म्हणाले, "त्याच्या बापाचं काय म्हणणं होतं?"

असो. पोरीच्या प्रश्नाने मला मात्र अस्वस्थ केले, कारण तो मला स्वतःला विचारायला हवा होता आणि मी तो विचारला नव्हता.

२००५ सालची गोष्ट. एम. ए. आणि सेट पदरात पडून वर्ष झाले होते. एका तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयाची जाहिरात पाहून मी अर्ज केला. पहाटेची एस. टी., मांडीवर प्रमाणपत्रांची फाइल, इस्त्री मोडू नये म्हणून ताठ बसून दुखावलेली पाठ. तिथे पोचल्यावर जे जे पाहून मी भारावून गेले त्याची यादी आजही माझ्या लक्षात आहे: नवी कोरी इमारत, फाटकापासून पायरीपर्यंत कुंड्या, बशीतून आलेला चहा, आणि "आमची संस्था म्हणजे एक कुटुंब आहे" असे म्हणणारे अध्यक्ष. कुटुंब हा शब्द ऐकून माझे मन भरून आले. कुटुंबात पगाराची ठराविक तारीख नसते, हे मला तेव्हा सुचले नाही.

आता, जे पाहूनही पाहिले नाही त्याची यादी ऐका. मुलाखतीला अवकाश होता म्हणून मी सूचनाफलकासमोर उभी होते. मराठी शिकवणारी बाई. हातात काही नसले तर भिंत वाचायची. फलकावर सात सूचना होत्या. विद्यार्थ्यांना चार, प्राध्यापकांना दोन, शिपायांना एक. सातही सूचनांचा शेवट 'अन्यथा'ने होत होता. अन्यथा कारवाई करण्यात येईल, अन्यथा प्रवेश रद्द समजण्यात येईल, अन्यथा वेतन कापण्यात येईल. मी काय केले असेल? एका सूचनेतला ऱ्हस्व-दीर्घाचा दोष मनात दुरुस्त केला आणि पुढे झाले. ग्रंथालयात नव्या पुस्तकांची दोन देखणी कपाटे होती. दोन्हींना कुलूप होते, आणि किल्ली कार्यालयात असते असे ग्रंथपालांनी स्वतः सांगितले. स्टाफरूममध्ये पाचसहाजण चहा पीत होते. प्राचार्यांची घंटा वाजली. ती शिपायासाठी होती, पण पाचहीजणांचे कप एकदम खाली आले. आणि तो शिपाई जाता जाता मला म्हणाला, "मराठीच्या का? या आधीच्या बाई दिवाळीपर्यंतच होत्या."

मुलाखत चांगली झाली. शेवटी अध्यक्षांनी खुर्चीत मागे रेलत विचारले, "आपल्याला काही विचारायचं आहे?"

मी म्हणाले, "नाही, सर."

हा 'नाही, सर' मला पुढे सव्वादोन वर्षे पुरला. कष्टाचे म्हणाल तर त्यांचे मला काही वाटले नाही. रविवारची कामे, परीक्षेचे ढीग, एस. टी.ची वाट पाहणे, हे सगळे मी आनंदाने केले. दुसऱ्या वर्षी मी वाङ्मय मंडळाचे भित्तिपत्रक सुरू केले. वसतिगृहात राहणाऱ्या एका मुलीने त्यात कविता दिली. वसतिगृहाच्या नळाला पाणी नाही, एवढाच तिचा विषय. कवितेत राग नव्हता, उलट थोडी मौजच होती. दुपारी घंटा वाजली. यावेळी ती माझ्यासाठी होती. प्राचार्य आवाज न चढवता म्हणाले, "बाई, आपण एक कुटुंब आहोत ना? मग घरातलं भिंतीवर कशाला?"

कविता मी काढली. शिपायाला सांगितले नाही. त्याला कशाला त्यात गोवायचे, म्हणून मी स्वतःच्या हाताने टाचण्या काढल्या. ती मुलगी जिन्यावर उभी होती. काही बोलली नाही. त्यानंतर ती माझ्या तासाला शेवटच्या बाकावर बसे आणि वहीत फक्त मी सांगेन तेवढेच उतरवून घेई. चार महिन्यांनी मी राजीनामा दिला. कारणाच्या रकान्यात 'कौटुंबिक' असे लिहिले, आणि ते अगदीच खोटे नव्हते.

तेव्हापासून मला वाटते, की आपण एखाद्या जागेत बसतो की नाही हे तिथे आपल्याला काय करायला मिळेल यावरून कळत नाही. तिथे आपल्याच हाताने आपल्याला काय करावे लागेल, यावरून कळते. पण ते आधी कळायचे कसे? पोरीचा प्रश्न शिल्लकच राहिला.

आमच्या सध्याच्या कॉलेजात मानसशास्त्राच्या एक बाई आहेत. डबा खाताना त्या माणसांवरच्या प्रयोगांविषयी बोलतात, त्यामुळे त्यांच्याशेजारची खुर्ची बहुधा रिकामी असते. मी तिथे जाऊन बसले. त्यांनी मला अमेरिकेतली एक गोष्ट सांगितली. जॉन वॅनस नावाच्या संशोधकाने १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. टेलिफोन ऑपरेटर व्हायला आलेल्या उमेदवारांपैकी काहींना कंपनीची नेहमीची गुळगुळीत फिल्म दाखवली, आणि काहींना खरी परिस्थिती सांगणारी: कामात फारसे वैविध्य नाही, डोक्यावर सतत देखरेख, चुकलात तर बोलणी बसतील, बरोबर केलेत तर कोणी शाबासकी देणार नाही. तुम्हांला वाटेल, दुसऱ्या फिल्मनंतर सगळ्या बाहेर पळाल्या असतील. तसे झाले नाही. नोकरी दोन्हीकडच्यांनी घेतली. पण ज्यांना खरे सांगितले होते, त्यांच्या मनात पुढे 'सोडावी ही नोकरी' हा विचार कमी आला. मामंजींची खुर्ची टोचणार आहे हे कोणी आधी सांगितले असते, तर कदाचित तीन वर्षांऐवजी दोनच वर्षे टोचली असती.

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती मी घरी आणली. १९९१ साली ओ'रायली, चॅटमन आणि कॉल्डवेल या तिघांनी चोपन्न चिठ्ठ्यांचा एक खेळ प्रसिद्ध केला. खेळ म्हणजे शास्त्रीय चाचणीच, पण मांडणी पत्त्यांसारखी. प्रत्येक चिठ्ठीवर कामाच्या जागेचा एकेक गुण: स्पर्धा, शिस्त, धाडस, माणसांचा मान राखणे, असे. माणसाने त्या आपल्या आवडीप्रमाणे नऊ ढिगांत लावायच्या. कंपनीतल्या जुन्या माणसांनी त्याच चिठ्ठ्या 'आमच्याकडे खरोखर काय आहे' याप्रमाणे लावायच्या. मग दोन्ही मांडण्या ताडून पाहायच्या. चॅटमनने त्याच वर्षी आठ मोठ्या हिशेबतपासनीस पेढ्यांमधल्या नवशिक्यांवर हे करून पाहिले. ज्यांच्या मांडण्या जुळल्या ते लवकर रुळले, समाधानी राहिले आणि टिकलेही.

आमच्याकडे चोपन्न चिठ्ठ्या नव्हत्या, पण जुन्या लग्नपत्रिका पुष्कळ होत्या. त्यांच्या कोऱ्या बाजू कापून मी आणि पोरीने तीस चिठ्ठ्या केल्या आणि त्या आपल्या भाषेत लिहिल्या. 'चूक झाली असं सांगता येणं.' 'सातच्या आत घरी.' 'साहेबांना नावाने हाक.' 'कामावर आपलं नाव.' 'नाही म्हणता येणं.' 'भरपूर पगार' ही चिठ्ठी वन्संनी स्वतः लिहून आत सरकवली. पोरीने आपल्या आवडीचे ढीग अर्ध्या तासात लावले. 'चूक सांगता येणं' सगळ्यांत वर, आणि वन्संची चिठ्ठी चौथ्या ढिगात. वन्सं काही न बोलता स्वयंपाकघरात गेल्या.

मग मी म्हटले, "आता हिंजवडीची कंपनी लाव." तिने चार चिठ्ठ्या लावल्या. बाकीच्या सव्वीस हातात धरून ती बसून राहिली. "मामी, मला काही माहीतच नाही गं." बाणेरच्या तर तिला दोनच लावता आल्या. चार वर्षे अभ्यास, सहा महिने मुलाखतींची तयारी, आणि जिथे दिवसाचे दहा तास घालवायचे त्या जागेबद्दल पोरीच्या हातात चार चिठ्ठ्यांएवढे ज्ञान! आणि त्यांतलीही एक चिठ्ठी कंपनीच्याच जाहिरातीतून आलेली.

यावर आमच्या ह्यांनी एक योजना काढली. रात्री साडेनऊला हिंजवडीला जायचे आणि किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजायचे. दिवे जास्त म्हणजे माणसे राबवतात. मामा-भाची स्कूटरवरून गेली. एकशे बारा खिडक्या उजळलेल्या मोजून, भलतेच गंभीर चेहरे करून दोघे परत फिरत होती, तेवढ्यात वॉचमनने हटकले. चौकशीचे कारण ऐकून तो हसायला लागला. "साहेब, दिवे रात्रभर असेच असतात. माणसं सातच्या बसनं गेली." त्याने आणखी अर्धा तास गप्पा मारल्या आणि पोरीच्या सहा चिठ्ठ्या जागेवर लागल्या. ह्यांच्या मते हे त्यांच्या योजनेचे यश होते.

एवढ्यात माझ्या एका विद्यार्थ्याने या सगळ्या खेळाला वेगळेच वळण दिले. मुलगा जालन्याकडचा. बी. ए.ला मराठीत वर्गात पहिला, इंग्रजी वाचतो उत्तम, बोलताना अडखळतो. शिवाजीनगरच्या एका कार्यालयात अनुवादकाची जागा होती. त्यांनी त्याचा नमुना पाहून त्याला बोलावले. दुपारी बाराची वेळ. साडेबाराला तो माझ्यासमोर उभा.

"इतक्यात झाली मुलाखत?"

"नाही, मॅडम. आत गेलोच नाही. तिथं आपण बसत नाही."

"कशावरून?"

लिफ्टमध्ये सगळे इंग्रजीत बोलत होते. सगळ्यांच्या पायांत एकाच तऱ्हेचे बूट होते. पुढच्या टेबलावरच्या बाईंनी हसून 'हाय' म्हटले, आणि त्यावर काय म्हणायचे ते त्याला सुचले नाही. एवढ्यावरून त्याने निकाल दिला होता. मला राग आला; पण रागवायचे कोणावर ते कळेना, कारण त्याचे भय कुठून आले होते ते मला ठाऊक होते. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला आहे. त्यांनी खाजगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांचा. उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. त्याच सुमारास इतर अभ्यासकांना असेही दिसले, की मालक मुलाखतीत उमेदवाराची 'घरची पार्श्वभूमी' विचारतात आणि त्याला माणसाची पारख म्हणतात. 'बसत नाही' हे वाक्य टेबलाच्या त्या बाजूने इतक्यांदा म्हटले गेले आहे, की या बाजूच्या पोरांनी ते पाठ केले तर नवल नाही. पण त्या दिवशी त्याला कोणी नाकारले नव्हते. त्यानेच त्यांचे काम करून टाकले होते.

मी त्याला माझ्या २००५ च्या दोन याद्या सांगितल्या. टाचण्यांची गोष्टही सांगितली. ती यापूर्वी मी कोणत्याही विद्यार्थ्याला सांगितली नव्हती. म्हटले, "बूट ही माझ्या पहिल्या यादीतली गोष्ट झाली. कुंड्या, बशी, बूट. त्यांच्या भिंतीवर काय लिहिलं होतं?"

तो विचार करून म्हणाला, "एक कागद होता. 'मसुद्यातल्या चुका दाखवणाऱ्यांचे आभार' असा. खाली नावं होती."

"मग?"

त्याने माझ्यासमोरच त्या बाईंना फोन लावला. उशीर झाला, क्षमा करा, म्हणाला, मराठीतच म्हणाला. त्यांनी मंगळवारची वेळ दिली. मंगळवारी शेवटी त्यालाही तो प्रश्न आला. त्याने विचारले, "अनुवादाखाली अनुवादकाचं नाव छापता का?" ते म्हणाले, नाही छापत. त्याने नोकरी घेतली. हे चालणार आहे का, असे मी विचारले, तेव्हा म्हणाला, "सध्या चालतं. पण विचारून ठेवलंय." दर महिन्याला तो मला भेटायला येतो. बूट अजून जुनेच आहेत.

आता वन्संच्या धाकटीचे सांगते. मानसशास्त्राच्या बाईंनीच तिला एक युक्ती दिली होती. बेंजामिन श्नायडर यांनी १९८७ मध्ये असे मांडले, की जागा घडते ती माणसांनी: काही विशिष्ट तऱ्हेची माणसे तिकडे ओढली जातात, त्यांतली काही निवडली जातात, न जुळणारी निघून जातात, आणि उरलेली एकमेकांसारखी दिसू लागतात. तेव्हा आत कोण आहे हे पाहण्याइतकेच बाहेर कोण पडले हे पाहावे. माझ्या त्या शिपायाने मला नेमके तेच सांगितले होते, एकही पुस्तक न वाचता.

हिंजवडीला हा प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता. तिथे एका वेळी शेकड्यांनी मुले भरती होतात. बाणेरच्या कंपनीतल्या बाईंचा फोन पितृपक्षात आला. पत्र स्वीकारता का, हे विचारायला. वन्संच्या दिवाणखान्यात आम्ही सगळे श्वास रोखून बसलो होतो. शेवटी त्या बाईंनी इंग्रजीत विचारलेच, आपल्याला काही विचारायचे आहे का. पोरीने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "या जागेवर आधी कोण होतं? ते आता कुठे आहेत?"

पलीकडे काही क्षण काहीच ऐकू आले नाही. मग बाई मराठीत म्हणाल्या, "मीच होते."

पोरगी फोन घेऊन गच्चीत गेली. पंचवीस मिनिटांनी खाली आली ती थेट लग्नपत्रिकांच्या चिठ्ठ्या काढून बसली. एकेक चिठ्ठी भराभर लावत होती. मध्येच एक उचलून दुसऱ्या ढिगात टाकी, पुन्हा पहिल्यात. आम्ही कोणी बोललो नाही. शेवटी वन्संना राहवेना.

"अगं, पण बस घरावरून जाते का, ते विचारलंस का?"